शिर्डी ते कोल्हापूर विमानाने ५५ मिनिटं? आधी शटरचे तास मोजा



एक छोटा प्रयोग करा. मोबाईल घ्या आणि शिर्डी विमानतळ ते कोल्हापूर विमानतळ हे अंतर शोधा. दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या साईट ढिगाने आहेत. उत्तर साधारण असं येईल: अंतर सुमारे ३३६ किलोमीटर, विमानाने वेळ सुमारे ५५ मिनिटं.

आता समजा तुम्ही कोपरगावचे आहात. रेडिमेड आणि कापडाचं दुकान टाकायचं डोक्यात आहे आणि माल थेट इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांकडून उचलायचा विचार आहे. ही ५५ मिनिटं बघून वाटणारच की सकाळी गेलो, माल बघितला, संध्याकाळी घरी. महिन्यातून दोन चकरा सहज होतील. मग वहीत "खरेदीसाठी दोन दिवस" असं लिहिलं जातं, त्यावर खर्च बसवला जातो आणि त्या खर्चावर नफा.

अडचण एवढीच आहे की शिर्डीहून कोल्हापूरला थेट विमानच नाही.

आकडा खोटा नाही, गणित बरोबर आहे. पण तो प्रवासाचा आकडा नाही. आज मला एवढंच सांगायचंय: धंद्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही आणि उड्डाणाच्या मिनिटांतही मोजायचं नाही. आपल्या दुकानाचं शटर किती तास खाली राहणार, यात मोजायचं.

ही ५५ मिनिटं येतात कुठून?

प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठरलेले असतात. शिर्डीचं विमानतळ म्हणजे कोपरगाव तालुक्यातलं काकडी गाव. कोल्हापूरचं म्हणजे उजळाईवाडी. पृथ्वीच्या गोलाईवरून या दोन बिंदूंमध्ये सरळ दोरी ताणली तर ती ३३६ किलोमीटर भरते. दोन्ही गावं जवळपास एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे दोरी उत्तरेकडून थेट दक्षिणेला जाते. मग बहुतेक साईट काय करतात, तर मोठ्या जेट विमानाचा ताशी आठशेच्या आसपासचा वेग धरतात. त्याने भागाकार केला की २५ मिनिटं येतात. चढायला-उतरायला अर्धा तास वर टाकला की झाली ५५ मिनिटं.

या गणिताला वेळापत्रक माहीत नसतं. त्या मार्गावर विमान आहे की नाही, हे ते विचारतच नाही. गंमत बघायची असेल तर शिर्डी ते नाशिकचं ओझर विमानतळ टाकून बघा. सरळ अंतर साधारण ६८ किलोमीटर, आणि त्याच सूत्राने उड्डाणाचा वेळ ३५ मिनिटं! हे विमान कोण चालवणार आणि त्यात कोण बसणार?

दुसरी गोष्ट, लहान विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर म्हणजे पंख्याचं विमान येतं. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. शिवाय विमान दोरीवरून जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गाने जातं, धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घेतं, खाली गर्दी असेल तर वर घिरट्या घालतं. त्यामुळे तिकिटावर छापलेला वेळ हा साईटच्या वेळेपेक्षा जास्तच असतो.

बरं, शिर्डीहून विमानानेच कोल्हापूर गाठायचं ठरवलं तर? शिर्डीहून हैदराबादला विमान आहे आणि हैदराबादहून कोल्हापूरला आहे. म्हणजे आधी पूर्वेला ५०७ किलोमीटर जायचं, मग परत पश्चिमेला ४४५ किलोमीटर यायचं. ३३६ किलोमीटरच्या कामासाठी हवेत साडेनऊशे किलोमीटर! घरातून निघणं, आधी पोहोचणं, मधला तीन तासांचा थांबा धरला तर नऊ-साडेनऊ तास कुठे गेले नाहीत. रस्त्याने शिर्डी ते कोल्हापूर सव्वाचारशेच्या आसपास अंतर आहे आणि गाडीने आठ-नऊ तास लागतात. म्हणजे वेळ तोच आणि खर्च कितीतरी जास्त. उलट रात्रीच्या स्लीपर बसने गेलात तर झोपेतच प्रवास होतो आणि सकाळी इचलकरंजीत चहा.

दारापासून दारापर्यंत

आता खऱ्या, थेट असलेल्या मार्गाचा हिशेब करू. शिर्डी ते हैदराबाद. शिर्डी विमानतळाचं उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ ला तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झालं आणि सुरुवातीच्या मार्गांमध्ये मुंबईबरोबर हैदराबाद होतंच. आपल्या भागातले बरेच व्यापारी बेगम बाजारला खरेदीला जातात, म्हणून हे उदाहरण.

उड्डाणाचा वेळ धरा एक तास वीस मिनिटं. आता बाकीचं जोडा.

कोपरगावच्या घरातून काकडी: ४५ मिनिटं.
विमानतळावर आधी पोहोचणं: दीड तास. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, त्यामुळे यात काटकसर करता येत नाही.
उड्डाण: एक तास वीस मिनिटं.
उतरणं, सामान घेणं, बाहेर येणं: अर्धा तास.
शमशाबादच्या विमानतळावरून बेगम बाजार: एक तास, ट्रॅफिक बरं असेल तर.

बेरीज करा. पाच तास पाच मिनिटं. तिकिटावर सव्वा-दीड तास दिसतो, पण तुमच्या दिवसातून पाच तास जातात. उड्डाण हा त्यातला चौथ्या हिश्श्याहून जेमतेमच जास्त भरतो.

यावर कोणी म्हणेल, "सर, पाच तास तरी कमीच की! रेल्वेला बारा तास लागतात." बरोबर आहे. मनमाडहून सिकंदराबादच्या बाजूला रात्रभराचा प्रवास आहे, साधारण बारा तासांचा. पण इथेच खरी मेख आहे.

कोणते तास गेले?

सगळे तास सारख्या किमतीचे नसतात. रात्री दोन वाजताचा तास तुमच्या दुकानाला फुकट आहे. संध्याकाळी सहाचा तास सोन्याचा आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका. धरा, दुकानाची रोजची विक्री १२,००० रुपये. सुटणारं मार्जिन २० टक्के, म्हणजे २,४०० रुपये. दुकान १२ तास उघडं. म्हणजे उघड्या शटरचा एक तास = २०० रुपये. दुकान एकट्याने चालवता, मागे बसायला कोणी नाही.

पर्याय पहिला, रेल्वे. पहिल्या दिवशी संध्याकाळी दुकान दोन तास लवकर बंद केलं. रात्री गाडीत झोपलात. दुसरा अख्खा दिवस बाजारात. रात्री परत गाडी. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान एक तास उशिरा उघडलं. बंद शटर: २ + १२ + १ = १५ तास. नुकसान ३,००० रुपये, अधिक तिकीट.

पर्याय दुसरा, विमान. धरा विमान दुपारी बाराचं आहे. सकाळी दहाच्या आत घर सोडलं, बाजारात पोहोचायला तीन वाजले. तीन-चार तासांत निम्मी खरेदी झाली. रात्री लॉज. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान पुन्हा दुपारचं, घरी यायला संध्याकाळ. थकलेला माणूस शटर उघडत नाही. बंद शटर: दोन पूर्ण दिवस, २४ तास. नुकसान ४,८०० रुपये, अधिक महागडं तिकीट, अधिक लॉज, अधिक दोन्हीकडची टॅक्सी.

बघितलंत? विमान सात तासांनी "फास्ट" असूनही दुकान नऊ तास जास्त बंद राहिलं. कारण प्रवासाचा वेळ कमी झाला, पण तो तुमच्या कमाईच्या वेळेत येऊन बसला.

त्यात माल. बहुतेक स्वस्त विमान कंपन्यांत देशांतर्गत प्रवासाला १५ किलो सामान आणि हातात ७ किलो. त्यापुढे किलोमागे पैसे. सॅम्पल आणायला ठीक आहे, माल ट्रान्सपोर्टनेच येणार.

हेच विमान पहाटे जाणारं आणि त्याच रात्री परत येणारं असतं तर हिशेब पूर्ण उलटा झाला असता. शिर्डीला बरीच वर्षं रात्री विमान उतरण्याची सोय नव्हती, ती २०२५ मध्ये सुरू झाली. बातमी वाचून आपण म्हणतो "छान झालं" आणि पुढे जातो. उद्योजकाने त्या बातमीत हे वाचायचं असतं की आता सकाळी जाऊन रात्री परत येण्याची शक्यता तयार झाली, वेळापत्रक बघायला हवं. उड्डाणाचा वेळ एका मिनिटानेही बदलला नाही, तरी आपल्यासाठी ते शहर जवळ येऊ शकतं.

मग विमानाने जाऊच नये का?

असं अजिबात नाही. मी विमानाच्या विरोधात नाही आणि कंजूषपणाच्या बाजूनेही नाही. चार ठिकाणी मी म्हणेन, डोळे झाकून तिकीट काढा.

एक, मशीन बंद पडलंय, कामगार बसून आहेत आणि पार्ट दुसऱ्या शहरातून आणायचाय. इथे तुमचा तास २०० रुपयांचा नाही, कदाचित २,००० चा आहे.

दोन, ठरलेल्या वेळेचं काम आहे: प्रदर्शनातला स्टॉल, मोठ्या कस्टमरची मीटिंग, टेंडरची शेवटची तारीख. पण अशा कामाला त्याच दिवशीचं विमान धरू नका, आदल्या दिवशीचं धरा.

तीन, मागे दुकान सांभाळायला माणूस आहे. मग शटरचे तास जातच नाहीत, फक्त तुमचे स्वतःचे तास जातात.

चार, तब्येत. बारा तास बसून पाठ धरत असेल आणि पुढचे दोन दिवस काम होत नसेल, तर ते दोन दिवसही खर्चातच आहेत.

"लोक काय म्हणतील" हे कारण मात्र दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. विमानाने गेलो म्हणून धंदा मोठा होत नाही. लाल परीने गेलो म्हणून छोटा होत नाही.

तुमचं जवळचं विमानतळ कोणतं?

आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, १७,००० चौरस किलोमीटरच्या वर. त्यामुळे "आपल्या जिल्ह्यात विमानतळ आहे" या वाक्याचा अर्थ प्रत्येक तालुक्यात वेगळा होतो. काकडी हे कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, संगमनेरला जवळ. अकोल्याच्या वरच्या भागातल्या माणसाने ओझरचाही विचार करावा. नेवासा-शेवगावकडून छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा सोयीचं पडू शकतं. पारनेर, श्रीगोंदा, कर्जतवाल्यांना पुण्याचं लोहगाव.

नगर शहरात तर खरा पेच आहे. काकडी साधारण ८० किलोमीटर, पण नगर-मनमाड रस्ता म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. लोहगाव सव्वाशेच्या आत, पण वाघोलीत किती वेळ जाईल ते देवाला माहीत. पुण्याहून विमानं भरपूर, म्हणून वेळेची निवड जास्त. शिर्डीहून कमी. विमानतळ ४० किलोमीटरने जवळ असून आठवड्यात हवी ती फेरीच नसेल, तर ते जवळ नाही.

म्हणून विमानतळ निवडताना तीन गोष्टी लिहून काढा: घरापासूनचे तास, तुमच्या कामाच्या दिवशी असलेल्या फेऱ्या आणि फेरी रद्द झाली तर दुसरा मार्ग कोणता. तिसरी गोष्ट बहुतेकजण लिहीतच नाहीत.

एका विमानाच्या भरवशावर दुकान मांडू नका

आता ज्यांचा धंदाच प्रवाशांवर आहे त्यांच्यासाठी. काकडी रस्त्याला चहा-नाश्त्याचं हॉटेल, विमानतळासाठी टॅक्सी, शिर्डीत लॉज भाड्याने घेणं, पेढे आणि पेरू विकणं, असे प्लॅन माझ्याकडे नेहमी येतात. त्यात एक वाक्य हमखास असतं, "सर, अमुक शहराचं विमान सुरू होतंय." आणि त्या एका वाक्यावर कर्जाचा हप्ता टांगलेला असतो.

विमानाचा मार्ग हा रस्त्यासारखा नसतो. रस्ता खराब होतो, पण राहतो. विमानाचा मार्ग एका वेळापत्रकात येतो आणि पुढच्या वेळापत्रकात नाहीसा होतो.

छोट्या शहरांना जोडायला केंद्र सरकारची उडान योजना आली. पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून उडालं आणि त्याच दिवशी आपल्या नांदेड-हैदराबाद सेवेलाही हिरवा झेंडा मिळाला. साधारण पाचशे किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासाला काही सीटचं भाडं २,५०० रुपयांपर्यंत, आणि कंपनीला तोटा भरून द्यायला तीन वर्षं सरकारी मदत. कल्पना चांगलीच आहे. पण कॅगने २०२३ च्या अहवालात योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांचा हिशेब मांडला. ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली. आणि मार्च २०२३ पर्यंत, मदत संपल्यावरही टिकलेले मार्ग होते ५४.

७७४ पैकी ५४! हा आकडा कागदावर लिहून गल्ल्याच्या वर चिकटवा. नांदेडकरांनी त्यांचं विमान बंद पडलेलं पाहिलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालेलंही पाहिलं. मधल्या काळात ज्याने फक्त विमानतळावर टॅक्सी लावली होती, त्याचा हप्ता काही थांबला नसणार.

शिर्डीचंही बघा. २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कमी दृश्यमानतेमुळे इथली विमानं कित्येक आठवडे बंद होती. मग २०२० मध्ये कोविड. आणि स्पर्धा फक्त विमानाची विमानाशी नसते. मुंबई हवेतून सरळ मोजली तर इथून जेमतेम १७२ किलोमीटर. पण १० फेब्रुवारी २०२३ ला साईनगर शिर्डीची वंदे भारत सुरू झाली, मुंबईहून साधारण सव्वापाच-साडेपाच तासांत. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे भाग ५ जून २०२५ ला. आता मुंबईचं कुटुंब स्वतःच्या गाडीने येतं, आणि आपल्याच गाडीने परत जातं. त्याला तुमची टॅक्सी लागत नाही. पण पार्किंग लागतं, नाश्ता लागतो, मुलांना स्वच्छ टॉयलेट लागतं. कस्टमर कमी झाला नाही, त्याच्या येण्याची वाट बदलली. जो वाट बघत बसला तो गेला, ज्याने वाट ओळखली तो टिकला.

म्हणून माझं स्पष्ट मत: तुमच्या विक्रीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त हिस्सा एकाच विमानमार्गावर अवलंबून असेल, तर तो धंदा नाही, तो सट्टा आहे. टॅक्सी घ्यायचीच असेल तर विमानतळाबरोबर स्टेशन धरा, शनिशिंगणापूर आणि त्र्यंबकेश्वरच्या ट्रिपा धरा, लग्नसराईचं बुकिंग धरा. मग विमान आलं तर बोनस, नाही आलं तर हप्ता तरी निघतो. कर्ज घेण्याआधी हप्त्याची बेरीज विमान शून्य धरून करून बघा. तशी जमली तरच सही करा.

आजचं होमवर्क

आज रात्री गल्ला मोजून झाला की वहीचं एक पान घ्या. दुकान अजून सुरू केलं नसेल तर अंदाजे आकडे घ्या, पण पान भरा.

पहिली ओळ: माझ्या उघड्या शटरचा एक तास किती रुपयांचा?
दुसरी ओळ: मी नेहमी जिथे खरेदीला किंवा विक्रीला जातो, तिथे प्रत्येक मार्गाने दारापासून दारापर्यंत किती तास, आणि त्यातले दुकानाच्या वेळेतले किती?
तिसरी ओळ: नेहमीचा मार्ग महिनाभर बंद पडला तर मी काय करणार?

पहिल्या दोन ओळींचा गुणाकार केला की जो आकडा येईल, तो तुमच्या मालाच्या किमतीत धरलेला आहे का ते बघा. बहुतेक नवीन दुकानदार भाडं धरतात, लाईटबिल धरतात, पोराचा पगार धरतात. स्वतःच्या प्रवासात गेलेले तास कोणीच धरत नाही. मग वर्षाच्या शेवटी विचारतात, "विक्री तर होते, पैसा जातो कुठे?" त्यातला बराचसा या तिसऱ्या-चौथ्या चकरांमध्ये जातो.

पान भरून झालं की पुढच्या व्हिडिओला ते समोर घेऊन बसा. त्यात आपण ट्रान्सपोर्टने माल मागवण्याचा हिशेब करणार आहोत, आणि पहिल्या ओळीचा आकडा तिथे लगेच लागणार आहे.